कालनिर्णयच्या पानावर आखलेली सतरा वर्षं

प्रिय कोच,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, माहीत आहे. लेक फोनवर वाचून दाखवेल, अर्धं इंग्रजीत, अर्धं गाळून. तरी मराठीतच लिहितोय. एक तर इंग्रजीत माझी गाडी 'थँक यू सो मच'च्या पुढे सरकत नाही. दुसरं म्हणजे कॅन्सस सिटीतल्या आमच्या मराठी मंडळींपैकी चार आईबापांनी हे वाचावं अशी इच्छा आहे. त्यातल्या दोघांनी मला तोंडावर विचारलंय, 'मुलाला असं कसं करू दिलंस?'

2022 चा जुलै. बारावी सुरू व्हायला तीन आठवडे होते आणि चिरंजीवांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं की इंजिनिअर व्हायचं नाही, अमेरिकन फुटबॉलचा कोच व्हायचंय. खेळाडू नाही, कोच! मी तुम्हाला फोन केला. तो फोन सभ्य नव्हता, हे आज कबूल करतो. तुम्ही त्याला शाळेच्या संघात ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये, म्हणजे चेंडू असलेल्या गड्याला वाचवणाऱ्या धिप्पाड मुलांच्या रांगेत उभं केलंत, तिथपर्यंत ठीक होतं. सॉकरमध्ये 'जाड्या' म्हणून बाकावर बसणारा मुलगा पहिल्यांदा कुणाला तरी हवा होता. पण हे खूळ तुम्हीच त्याच्या डोक्यात भरवलंत, असं मी धरून चाललो होतो.

अर्ध्या तासात तुम्ही दारात. अंगणातलं गवत कापता कापता तसेच आलात, मोज्यांना हिरव्या काड्या चिकटलेल्या. चपलांचा ढीग बघून बूट बाहेर काढलेत. हिनं थालीपीठ पुढे केलं, ते तुम्ही हातानंच तोडलंत आणि म्हणालात, 'कागद आहे का?' भिंतीवरून जूनचं पान फाडून ठेवलं होतं, तेच दिलं. त्याच्या मागे साबुदाण्याच्या कुठल्याशा पदार्थाची कृती छापलेली होती. त्या कृतीवरच जाड मार्करनं तुम्ही अँडी रीड यांचा प्रवास लिहायला घेतलात.

मला रीड म्हणजे टीव्हीवरचे मोठ्या मिशांचे, हातात खेळींचा भलामोठा छापील तक्ता घेतलेले, आपल्या कॅन्सस सिटीच्या चीफ्स संघाचे कोच. तुम्ही सुरुवात केलीत युटामधल्या प्रोव्होपासून. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संघात ते लाइनमध्ये खेळायचे, म्हणजे आमच्या लेकाच्याच जागी. व्हायचं होतं लेखक. तिथल्या वर्तमानपत्रात सदरही लिहायचे. पण प्रश्न इतके विचारायचे की त्यांचे कोच लाव्हेल एडवर्ड्स यांनीच सुचवलं, तू कोचिंग करून बघ. 1982 मध्ये तिथेच ग्रॅज्युएट असिस्टंट. हा शब्द तुम्ही आम्हाला सोडवून सांगितलात: पुढचं शिक्षण घ्यायचं, फी माफ, हातात किरकोळ पैसे, आणि बदल्यात रात्र रात्र सामन्यांची फिल्म कापायची, म्हणजे अभ्यासासाठी एकेक खेळी वेगळी काढायची.

मग पानावर गावं पडत गेली. 1983 सॅन फ्रान्सिस्को स्टेट. तिथे संघाकडे पैसे नव्हते म्हणून कोच मंडळी कॉलेजच्या आवारात हॉट डॉग विकायची. (हिनं इथे माझ्याकडे बघितलं. वडापावची गाडीच आली असणार डोळ्यांसमोर.) 1986 ला नॉर्दर्न अ‍ॅरिझोना, 1987 ला टेक्ससमधलं एल पासो, 1989 ला कोलंबियातलं मिझुरी विद्यापीठ. 1992 मध्ये एनएफएल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची लीग: ग्रीन बेचा संघ, हेड कोच माइक होल्मग्रेन यांच्या हाताखाली. ही ओळख प्रोव्होची, होल्मग्रेनही तेव्हा तिथेच कोच होते. तुम्ही प्रोव्हो ते ग्रीन बे अशी एक लांब रेघ ओढलीत, ती नेमकी 'चवीनुसार मीठ' यावरून गेली. म्हणालात, या धंद्यात जाहिरात बघून अर्ज करून कुणी वर जात नाही. तुम्ही कुणाबरोबर फिल्म कापलीत, तो पुढे कुठे गेला आणि त्याला तुमची आठवण राहिली का, एवढाच हिशोब.

1999 मध्ये एनएफएलच्याच फिलाडेल्फिया संघानं रीड यांना हेड कोच केलं. त्याआधी सतरा वर्षं, सहा बिऱ्हाडं, घरात पाच मुलं. एनएफएलमध्ये ते कधी कोऑर्डिनेटरही, म्हणजे हेड कोचच्या खालोखालचे कोचही झाले नव्हते. तिथून हेड कोच म्हणून पहिलं सुपर बोल, म्हणजे एनएफएलची अंतिम लढत जिंकायला 2020 चा फेब्रुवारी उजाडला. (पुढे आणखी दोन झाली, पण त्या संध्याकाळी एकच होतं.)

'आणि घर?' हिनं विचारलं. तुम्ही मार्कर खाली ठेवलात. हंगामात कोच घरी झोपायला येतो, तेही रोज नाही, असं सरळ सांगितलंत. 2012 चं वर्षही सांगितलंत: ऑगस्टमध्ये रीड यांचा थोरला मुलगा संघाच्या सराव शिबिरातच वारला, आणि चार विजय बारा पराभवांचा हंगाम संपल्यावर 31 डिसेंबरला नोकरी गेली. हेड कोच गेला की त्याच्या हाताखालच्या दहा-पंधरा जणांचंही बहुधा सामान बांधून होतं. त्यांची नावं पेपरात येत नाहीत, आणि मुलांच्या शाळा तर अर्ध्यावर असतात. रीड यांना आठवड्याच्या आत कॅन्सस सिटीनं घेतलं. 'बाकीच्यांना फोन येतोच असं नाही,' तुम्ही म्हणालात. मग स्वतःचं सांगितलंत. दोन वर्षं कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंट, हेड कोचला काढलं, तुमचीही खोली रिकामी करायला लावली, तेव्हा तुमची थोरली चार महिन्यांची होती. तेव्हापासून शाळेत भूगोल शिकवता आणि शुक्रवारी संध्याकाळी लाइन सांभाळता.

लेक हुशारी करून म्हणाला, 'डग पीडरसनही शाळेतच कोच होता.' खरंच आहे ते. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला शाळेचा संघ सांभाळणाऱ्या पीडरसनना रीड यांनी 2009 मध्ये फिलाडेल्फियात सर्वात खालच्या, क्वालिटी कंट्रोलच्या जागेवर आणलं, आणि 2018 च्या फेब्रुवारीत पीडरसन यांनी हेड कोच म्हणून त्याच शहराला सुपर बोल जिंकून दिलं. तुम्ही हसलात. 'तीन वर्षंही झाली नव्हती, त्यांनाही काढलं. तेही लिहू का?' आणि लिहिलंत.

मी दादरला वाढलो, शिवाजी पार्कच्या कडेला. मला माहीत असलेले कोच म्हणजे आचरेकर सर. तेही स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळलेले, पण स्टेट बँकेची नोकरी होती. पोटाचा प्रश्न बँकेकडे, क्रिकेट मैदानावर. तुमच्या देशात पोट आणि मैदान एकाच दोरीवर टांगलेलं, आणि दोरी दर जानेवारीत कुणीतरी कापतं. हे मला त्या संध्याकाळी कळलं, आणि गंमत म्हणजे कळल्यावर राग गेला. तोवर मला वाटत होतं, मुलगा मजा निवडतोय.

पण तुम्ही एवढ्यावर सोडलं नाहीत. दहा दिवसांनी आम्हा दोघांना सेंट जोसेफला चीफ्सचं सराव शिबिर बघायला नेलंत. तासाभराचा रस्ता, मैदानावर आग ओतणारं ऊन. सगळं पब्लिक चीफ्सचा स्टार खेळाडू माहोम्सकडे बघत होतं. तुम्ही लेकाचा खांदा धरून त्याला दुसरीकडे वळवलंत: 'त्याला नको बघू. त्या पोराला बघ.' मैदानाच्या कडेला पंचविशीतला एक जण काखेत पॅडची पिशवी, हातात कार्डांचा गठ्ठा घेऊन पळत होता. पुढच्या खेळीचं कार्ड वर धरायचं, खाली करायचं, परत पळायचं. दोन तास तो एकदाही बसला नाही, आणि त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही. लेक मात्र त्याच्याकडेच बघत होता. परतताना गाडीत कुणी बोललं नाही. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा तो म्हणाला, 'बाबा, मला तेच करायचंय.'

तेव्हा तुम्ही अट घातलीत: शिक्षकाची पदवी आधी. गणित शिकवायला शीक, म्हणजे कुठल्याही गावात शाळा मिळेल. मी वर्षभर भांडून जे पदरात पाडून घेतलं नसतं, ते तुम्ही पेट्रोल पंपावर दोन मिनिटांत मिळवलंत.

आता तो कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. संघात विद्यार्थी मदतनीस. पाणी भरतो, शंकू मांडतो, फिल्म कापतो. रात्री साडेअकराला फोन करतो आणि तिसऱ्या डाउनबद्दल असं काही बोलतो की मी नुसतं हं हं करतो. परवा विचारत होता, एल पासो ते कोलंबिया अंतर किती असेल. पान अजून फ्रिजवर आहे. हिला ती साबुदाण्याची कृती हवी होती, पण मार्करखालचं प्रमाण वाचता येत नाही, म्हणून तुमच्यावर थोडा राग आहे.

त्या फोनबद्दल माफी मागायची राहूनच गेली होती. ती मागतो. शुक्रवारी तुमच्या शाळेचा सामना आहे, आम्ही दोघं येतोय. थालीपिठं आणतो, मिरची कमी घालून.

तुमचा,
64 नंबरच्या खेळाडूचा बाप