क्युबेकचा धूर आणि आपली धूळ

दहिसर, मुंबई
११ जून २०२३

प्रिय वैशू,

सप्रेम नमस्कार.

बुधवारी तू फोनवर म्हणालीस, "दुपारचे दोन वाजलेत आणि रस्त्यावरचे दिवे लागलेत," तेव्हा सावनीचा दमा आठवून पोटात गोळाच आला. कॅनडात क्युबेकच्या जंगलांना लागलेल्या आगींचा धूर थेट न्यू जर्सीत कसा, असं तू विचारलंस. फोनवर अर्धवट राहिलं, म्हणून लिहायला बसले.

आधी माझी चूक सांगते. २३ जानेवारी २०२२, रविवार. सकाळी सगळं पांढुरकं. मला वाटलं, धुकं. गारवा छान होता म्हणून खिडक्या सताड उघड्या टाकून आईला फिरायला नेलं. परत आलो तर तुळशीच्या पानांवर, स्कूटरच्या सीटवर पिठासारखा थर. बोट फिरवलं तर रेघ उमटली. रात्रभर आई खोकत होती. तिची पाठ चोळता चोळता नासाच्या वर्ल्डव्ह्यू या उपग्रहचित्रांच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशीचं चित्र उघडलं. बलुचिस्तान-कराचीकडून अरबी समुद्रावर मातकट पट्टा निघाला होता, आपल्या किनाऱ्याच्या रोखाने. शनिवारीच दिसत होता गं तो! मी बघितलं असतं तर खिडक्या तरी लावल्या असत्या. हे अजून सलतं. तेव्हापासून सकाळच्या चहाबरोबर उपग्रहाचं चित्र बघतेच.

आता तुझ्याकडचं. वर्ल्डव्ह्यूवर ६ आणि ७ जूनची चित्रं उघड. ढग पांढरेशुभ्र दिसतील. धूर करडा, निळसर झाक असलेला, विरळ असेल तिथे खालची जमीनही दिसते. त्यावर आगीचे लाल ठिपके चढव, की धूर कुठून सुटलाय ते कळतं. तो इतका दक्षिणेला आला, कारण कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नोव्हा स्कोशियाच्या आसपास कमी दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसलं होतं. इथे अरबी समुद्रात आज बिपरजॉय चक्रीवादळ घड्याळाच्या उलट्या दिशेने गरगरतंय ना, तसंच तिथलं वारंही फिरत होतं. त्याच्या पश्चिम अंगाचं वारं उत्तरेकडून दक्षिणेला वाहतं. त्यानेच धूर तुमच्या दारात आणून टाकला.

एक लक्षात ठेव. रात्री धूर उपग्रहाला जवळपास दिसतच नाही. त्याचे कण इतके बारीक की इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण त्यातून आरपार जातात. आगीचे ठिपके मात्र रात्रीही दिसतात. धुळीचं उलटं. ती वाळवंटावर असली की जमिनीच्या रंगात हरवते, पण इन्फ्रारेडच्या दोन वेगळ्या लहरींमधला फरक काढला की रात्रीसुद्धा सापडते. त्या चित्रांत तिला गुलाबी रंग देतात. म्हणून धुरासाठी तू सकाळची किंवा संध्याकाळची चित्रं बघ. ऊन तिरपं असलं की पातळ धूरही उजळून दिसतो.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. चित्र वरून काढलेलं असतं. धूर तीन किलोमीटरवर तरंगतोय की सावनीच्या नाकाशी आलाय, ते त्यात कळत नाही. त्यासाठी जवळच्या हवा मोजणाऱ्या केंद्राचा पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचा आकडा बघायचा. चित्रावरून उद्याची तयारी कर, पण तिला खेळायला सोडायचं की नाही ते आकडा बघूनच ठरव.

तिचा पंप दप्तरात ठेवतेस ना? रात्री खोकला थांबला का? तेवढं आधी कळव, बाकीचं सावकाश लिही. आई तिची रोज चौकशी करते.

तुझी,
मेधा