आधी मीटर लावा, मग हीटर बदला

महोदय,

मुरुड-कर्दे-हर्णै पट्ट्यातल्या बंगल्यांत आणि होमस्टेंत हल्ली कपाटात बसवलेली कॉफी मशीन दिसतात. मी दापोलीत गीझर-मिक्सर दुरुस्त करतो, त्यामुळे बिघडली की तीही माझ्याकडे येतात. तक्रार बहुधा एकच: बी दळतं, पाणी सोडतं, कॉफी मात्र गार. कंपनीच्या माणसाने आधीच निकाल दिलेला असतो, ‘हीटर गेला, नवीनच घ्या.’ मल्टिमीटर (ओहम-व्होल्ट मोजायचं यंत्र) लावलेला नसतो.

प्लग काढून हीटरच्या वायरी सोडवल्या आणि ओहम मोजले की कळतं. २३० व्होल्टवरच्या १४०० वॅटच्या हीटरला ३८च्या आसपास ओहम हवेत. तेवढे आले तर कॉइल शाबूत. मग बघायचा तो हीटरला चिकटून असलेला थर्मल फ्यूज, म्हणजे ठरावीक तापमानापलीकडे उडून वीज तोडणारा. किरकोळ किमतीची वस्तू, पण एकदा उडाली की बदलावीच लागते. नवा फ्यूज सरळ सोल्डर करू नये, त्या उष्णतेनेच तो उडतो, क्रिंप करावा, म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोडावा. तो का उडाला हेही शोधायला हवं: क्षार साठला, तापमानाचा सेन्सर बिघडला की हीटर चालू-बंद करणारा रिले चिकटला? फ्यूजच्या जागी तार घालून मोकळे होणारे महाभागही मी पाहिलेत. लाकडी कपाटात!

आपल्याकडच्या दमट हवेचा त्रास आणखी वेगळा. पावसाळाभर बंद असलेलं घर गणपतीला उघडलं, मशीन लावलं, की ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडते. हीटरच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड असते, ती टोकाकडून ओल धरते. हीटर काढून मंद आचेच्या ओव्हनमध्ये सुकवला की बरेचदा मेगरचं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरचं) रीडिंग चढतं. नाहीच चढलं, किंवा नळीला चीर दिसली, तर मात्र बदलावा. ईएलसीबी काढून टाकणं हा उपाय नव्हे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं, कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती द्यावी म्हणून. मला मात्र अजून फ्यूज मागितला की ‘अख्खी असेंब्ली घ्या’ असंच ऐकावं लागतं. फ्यूज किती अंशांचा, एवढं तरी कंपन्यांनी छापावं. आणि सुतारांना विनंती: प्लगचा पॉइंट मशीनच्या मागे नको, शेजारच्या कप्प्यात काढा. वीज तोडायलाच आधी मशीन ओढून काढावं लागतं.

– एक इलेक्ट्रिशियन, दापोली