कोपरा रिकामा आहे म्हणून झाड नको

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

घरसजावटीवरील लेखांत आणि छायाचित्रांत अलीकडे जिवंत झाडांना हमखास स्थान मिळू लागले आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. खोलीत एक डौलदार झाड आले की तिथल्या वस्तूंची मांडणी तीच राहूनही खोलीचा नूर पालटतो, हा अनुभव मी अनेक वर्षे घेतला आहे. तक्रार आहे ती या लेखांतील एका उणिवेबद्दल. त्यांत झाडाचा विचार दिवा, गालिचा आणि तसबीर यांच्या पंक्तीत बसवून केलेला असतो. सोफ्याशेजारचा कोपरा ओकाबोका वाटतो, तर तिथे उंच झाड ठेवा. कपाटाचा माथा मोकळा आहे, तर त्यावरून वेल खाली सोडा. त्या कोपऱ्यात किंवा त्या कपाटावर उजेड किती पोहोचतो, याविषयी मात्र एक अक्षरही नसते.

असाच एक सल्ला मानून मी फायकस बेंजामिनाचे छातीइतक्या उंचीचे झाड दिवाणखान्याच्या आतल्या कोपऱ्यात, भोक नसलेल्या एका देखण्या कुंडीत ठेवले होते. आठवड्याभरात पानगळ सुरू झाली. जागा बदलली, उजेड घटला की हे झाड पाने टाकते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तहानेने पाने गळत असावीत असे समजून मी पाणी वाढवले आणि जितकी पाने गळत गेली तितके अधिक पाणी घालत राहिले. अखेर रोप उपसून पाहिले तेव्हा बाहेरच्या कुंडीच्या तळाशी चार बोटे पाणी साचलेले होते, मातीला कुबट वास येत होता आणि मूळ चिमटीत धरून हलकेच ओढले की वरची तपकिरी साल निसटून हाती येत होती व आत दोऱ्यासारखा तंतू तेवढा उरत होता. मुळांनाही हवा लागते. मातीतील पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की ती गुदमरतात आणि मग कुजतात. उजेड कमी असला की झाड पाणीही कमी ओढते, त्यामुळे अंधारा कोपरा आणि निचरा नसलेली कुंडी यांची गाठ पडली की झाडाचा निभाव लागणे कठीण होते.

उजेडाच्या बाबतीत आपली नजर आपल्याला चकवते, हे या विषयातील सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित सत्य आहे. भर दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे एक लाख लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतका प्रकाश असतो, खिडकीलगत तो काही हजारांवर येतो आणि खोलीच्या आतल्या भागात अनेकदा शंभर-दोनशेपर्यंत उतरतो. पण डोळ्यांची बाहुली त्या मानाने विस्फारत असल्याने आपल्याला तो कोपरा चांगला उजळलेलाच भासतो. आपण तिथे बसून सहज वाचू शकतो, म्हणून झाडही तिथे जगेल असे गृहीत धरतो. यासाठी एक सोपी पारख आहे. दुपारच्या वेळी ठरलेल्या जागी पांढरा कागद ठेवून त्याच्या वर वीतभर अंतरावर हात धरावा. सावलीची कड रेखीव दिसली तर उजेड भरपूर आहे, पुसट दिसली तर बेताचा आहे आणि सावलीच पडली नाही तर ती जागा दिव्याला किंवा तसबिरीला द्यावी.

‘कमी उजेडात वाढणारी झाडे’ हा शब्दप्रयोगही जपून वापरायला हवा. स्नेक प्लांट किंवा झेडझेड प्लांट अंधाऱ्या जागी महिनोन्‌महिने तग धरतात, ते जाड पानांत आणि जमिनीखालच्या खोडात साठवलेल्या शिदोरीच्या बळावर. ती वाढत मात्र जवळजवळ नाहीत. मनी प्लांटचा वेल अशा जागी पेरांतील अंतर वाढवत, लहान लहान पाने काढत उजेडाच्या दिशेने धावतो आणि पाहणाऱ्याला ती वाढ जोमाची वाटते.

झाडे घरातील हवा शुद्ध करतात, हा दावाही आता आवरता घ्यावा. त्याचे मूळ नासाच्या १९८९ सालच्या प्रयोगात आहे. तो छोट्या बंदिस्त पेट्यांत झाला होता. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, अशा अनेक प्रयोगांच्या फेरतपासणीत असे दिसले, की इमारतीत एरवी खेळणाऱ्या हवेची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला किमान १० आणि कदाचित १,००० झाडे लागतील. झाड सुंदर आहे, एवढे कारण ते घरात आणायला मला पुरेसे वाटते. रांगते मूल किंवा मांजर असलेल्या घरांसाठी मात्र डिफेनबाखिया, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन आणि मनी प्लांट यांविषयी इशारा छापलाच पाहिजे, कारण त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि पान चावले तर तोंडाची आग होऊन जीभ सुजते.

म्हणून आपणांस विनंती आहे, की सजवलेल्या खोलीचे छायाचित्र छापताना त्याखाली झाडाचे नाव, खिडकीपासूनचे त्याचे अंतर आणि कुंडीतील पाण्याच्या निचऱ्याची सोय यांचा उल्लेख करावा. शक्य झाल्यास त्याच खोलीचे, त्याच झाडासह, वर्षभरानंतरचे छायाचित्रही प्रसिद्ध करावे.

आपली नम्र,
एक वाचक