श्रीरंगपट्टणचा खरा खंदक

महोदय,
कावेरीच्या बेटावरची टिपू सुलतानाची राजधानी श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये फितुरीनेच इंग्रजांच्या हाती पडली, असे सर्रास लिहिले जाते. कावेरीचे पाणी कोणी विचारातच घेत नाही. कावेरीच्या उगमाकडे, कोडगूत (कुर्ग) पाऊस धरला की तेव्हा हे बेट दुर्गम होई. पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये मात्र पात्रातले खडक उघडे पडत. मे १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणवर चालून आलेल्या इंग्रज गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसला पावसाने गाठले. बैल मेले, दाणा संपला, अवजड तोफा स्वतःच निकामी करून तो माघारी वळला. तेव्हा इंग्रजांच्या बाजूने असलेले मराठा सेनानी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या छावणीतले धान्य मिळाले, म्हणून त्याची फौज तगली. १७९९ मध्ये इंग्रजांनी पाऊस धरण्याआधीच हल्ला करून ती चूक टाळली. वायव्य कोपऱ्यात तटाला खिंडार पाडून ४ मे रोजी भर दुपारी, कुठे घोट्याएवढ्या तर कुठे कमरेएवढ्या पाण्यातून सैन्य घुसवले. खिंडाराजवळच्या स्मारकस्तंभाशी नदीच्या पातळीची ही माहिती देणारा फलक लावावा.

— एक वाचक, मिरज