मावशी, मांदेलीच्या त्या पहिल्या वाट्याबद्दल

मावशी,

हे फोनवर आलं की तुम्हाला वाचून दाखव असं तुमच्या सुनेला सांगून ठेवलंय. समोर बोलायला आलो असतो तर तुम्ही हात झटकून "जा रं, गिऱ्हाईकं थांबलीत" म्हणाला असतात, आणि तसंही गेले दोन महिने तुम्ही अंधेरीत डी एन नगरच्या कोपऱ्यावर बसतच नाही, गुडघ्यांमुळे मासळीची टोपली आता सून आणते, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू आणि सगळ्यांसमोरच लिहू, कारण तुम्ही आमच्या घरासाठी काय केलंय ते तुम्हाला माहीतच नाहीये.

तुम्हाला एवढंच माहीत होतं की मी कराडकडचा आहे आणि मला मासळीतलं काही कळत नाही. बाकीचं आज सांगतो. माझी बायको मालवणची, तिची आई आमच्याकडेच राहायची आणि रात्रीचं जेवण कायम त्यांच्या हातचं. 2022 च्या पावसाळ्यात त्या गेल्या. बायको स्टाफ नर्स आहे, कधी सेकंड शिफ्ट कधी नाईट, म्हणजे आठवड्यातल्या चार-पाच संध्याकाळी घरी मी आणि दोन पोरं. सहा-सात महिने आम्ही पार्सलवर काढले. पोरगी तिच्या खोलीत प्लेट घेऊन जायची, पोरगा टीव्हीसमोर, मी ओट्यापाशी उभ्या उभ्या खायचो, आणि जेवायच्या टेबलावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. बायको रात्री साडेदहाला येऊन दूध-बिस्किट खाऊन झोपायची. तिने आई गेल्यापासून मासे खाल्ले नव्हते आणि आम्ही कोणी तिला विचारलंही नव्हतं.

मग एका बुधवारी ऑफिसमधून येताना तुमच्यासमोर थांबलो आणि सुरमईच्या तुकड्या मागितल्या, कारण मला नाव तेवढंच येत होतं. तुम्ही विचारलंत, घरात कोण करतं? म्हटलं मीच करणार. आधी कधी केलंय? म्हटलं नाही. तुम्ही सुरमई परत टोपलीत ठेवलीत आणि मांदेलीचा एक वाटा काढून दिलात शंभर रुपयांचा. "आधी हे कर. चुकलं तर शंभराचं चुकल. हात बसला की सुरमई देते." मावशी, त्या दिवशी तुम्हाला सातशे-आठशेचं गिऱ्हाईक मिळत होतं. ते तुम्ही सोडलंत.

आणि नुसती मांदेली दिली नाहीत, कशी करायची तेही तिथेच बसून सांगितलंत, मागे तीन बायका उभ्या असताना. डोकं आणि पोट काढायचं, धुवून पाणी पूर्ण निथळू द्यायचं, मग हळद, तिखट, कोकमाचं आगळ, आणि आगळात मीठ असतंच म्हणून वरून मीठ जपून. पंधरा मिनिटं तशीच ठेवायची, तेवढ्यात भाताचा कुकर लावायचा. तांदळाचं पीठ आणि थोडा रवा मिसळून त्यात घोळवायची, तवा चांगला तापला की तेल सोडून एकेक सुटी मांडायची आणि खालची बाजू सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही. बस. मी बरोबर तसंच केलं. पोरं तव्यापाशी येऊन उभी राहिली, वासाने आली होती, बोलावलं नव्हतं. पोरग्याने स्वतःहून टेबलावरचे कपडे उचलून सोफ्यावर नेऊन ठेवले. काटा बारीक असतो, कुरकुरीत झाला की चावून खाता येतो हेही तुम्हीच सांगितलं होतं, त्यामुळे धाकट्याची भीती पण गेली.

बोंबलाच्या कालवणाची गोष्ट मोठी आहे. पहिल्या वेळेस माझे बोंबील पूर्ण विरघळले, पातेल्यात नुसता रस्सा आणि काटे. दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही रागावलात, किती वेळ ठेवलंस? वीस-पंचवीस मिनिटं. पाणी किती? दोन ग्लास. डाव घातलास? घातला. मग तुम्ही ते एकेक करून समजावलंत की बोंबलात मुळातच पाणी भरपूर, शिजताना ते बाहेर येतं म्हणून वरून अगदी थोडंच घालायचं, तेलात ठेचलेला लसूण लाल होऊ द्यायचा, हळद, कोळी मसाला, चिंचेचा कोळ, त्याला उकळी आली की मगच बोंबील सोडायचे आणि पाच-सात मिनिटांत गॅस बंद. आणि "डाव नाय घालायचा, पातेलं दोन्ही हातांनी धरून फिरव." हे वाक्य मी आजही पातेलं धरलं की मनात म्हणतो. मी खोबरं कधी घालू विचारलं तर तुम्ही म्हणालात आमच्यात या कालवणात खोबरं नाय. मसाला पण तुम्हीच दिला होतात, घरचा, कागदाच्या पुडीत, पैसे न घेता.

त्या रात्री बायको आली तेव्हा कालवण झाकून ठेवलं होतं. मी काही बोललो नाही, फक्त गरम केलं. तिने भातावर घेतलं, दोन घास खाल्ले आणि म्हणाली, आमच्यात असं नसतं, आई खोबरं वाटून घालायची. मला वाटलं आता उठणार. ती उठली नाही. तिने दुसऱ्यांदा भात घेतला आणि खाता खाता आईच्या बांगड्याच्या कढीबद्दल सांगायला लागली, तिरफळं शेवटी कशी ठेचून टाकायची, ती चावायची नसतात, लहानपणी तिच्या तोंडात एकदा आलं होतं आणि जीभ किती वेळ मुंग्या आल्यासारखी झाली होती. पोरं झोपायची सोडून ऐकत बसली. नऊ महिन्यांनी तिच्या तोंडून आईचा विषय निघाला होता मावशी. पुढच्या रविवारी तिनेच तुमच्याकडून बांगडे नेले, आठवत असेल तुम्हाला, पांढऱ्या-निळ्या ड्रेसमधली. आज आमच्या घरात तुमचं कालवण पण होतं आणि सासूबाईंचं पण होतं, आणि दोन्ही एक दिवसही मिसळायची नाहीत अशी बायकोची सक्त ताकीद आहे.

बाकी किती सांगू. कल्ला उघडून लाल आहे का बघायचं, बोटाने दाबलं की खड्डा राहता कामा नये, हे तुम्ही तुमच्याच टोपलीतल्या मासळीवर दाखवलंत, म्हणजे उद्या मी तुमच्याकडचंच नाकारू शकेन असं शिकवलंत. छोटं पापलेट मागितलं तर दिलं नाहीत, म्हणालात त्याला वाढू दे. पोरग्याने 2023 मध्ये शाळेत पापलेट राज्यमासा झाल्याचं ऐकलं तेव्हा त्याने वर्गात तुमचीच ही गोष्ट सांगितली. आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद राहणार होती तेव्हा मला वाटलं आता दोन महिने आमचं कसं होणार, तर तुम्ही मे महिन्यातच सुका जवळा, ती वाळवलेली बारीक कोळंबी, बांधून दिलात. चाळून घे, कोरडा भाज, मग धू, कांदा भरपूर घाल आणि कैरी असेल तर दोन फोडी. हा जवळा आता माझी मुलगी करते, चौदा वर्षांची आहे, वीस मिनिटांत भाकरीसोबत ताटात. भाकऱ्या अजून मी थापतो, त्या मात्र कराडच्या, ज्वारीच्या.

माझ्या ऑफिसातल्या दोघांनी, ज्यांच्या घरी हीच अडचण आहे, मला रेसिपी मागितल्या. मी त्यांना मांदेलीपासूनच सुरुवात करायला सांगितलं. एकाने विचारलं सुरमई का नको, सोपी असते ना? मी म्हटलं आधी शंभराचं चुकू दे.

तुमच्या गुडघ्यांचं काय ते डॉक्टरला नीट दाखवा, बायको म्हणते रिपोर्ट घेऊन या, ती तिच्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारेल, यात संकोच करू नका. नारळी पौर्णिमेला आम्ही चौघं कोळीवाड्यात तुमच्या घरी येतोय, नारळीभात मी करून आणणार आहे, सासूबाईंच्या पद्धतीने, लवंगा घालून.

आणि चिंबोऱ्या, म्हणजे आमच्याकडचे खेकडे, शिकवायच्या राहिल्यात. तुमच्या सुनेला विचारलं तर म्हणाली ते आईंनाच विचारा. तुम्हीच म्हणाला होतात ना की अमावस्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या असतात? मी कालनिर्णयमध्ये बघून पुढच्या अमावस्येवर पेनाने गोल करून ठेवलाय, त्या संध्याकाळी ऑफिसमधून लवकर निघतो. पातेलं केवढं आणू तेवढं सुनेकडून कळवा.

तुमचा,
कराडवाला