टेक्सासच्या दफनभूमीत भेटलेलं व्याकरण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी 'काय पाहाल' अशी यादी आली होती. टेक्सासच्या रकान्यात नासाचं केंद्र, सॅन अँटोनियोचा रिव्हर वॉक आणि दोन मॉल. यादीशी माझं भांडण नाही. नासाला मीही जाऊन आले, तिथे ठेवलेल्या चंद्रावरच्या दगडाला बोटही लावलं. पण ह्यूस्टनहून शंभरेक मैलांवर मी दोन दिवस जे पाहिलं ते कुठल्याच यादीत नसतं, म्हणून हे पत्र.

माझी सून टेक्सासचीच. तिचे पणजोबा-खापरपणजोबा मोराव्हियातून, म्हणजे आजच्या चेक देशातून आलेले. एप्रिलमध्ये व्याह्यांनी टूम काढली की सगळ्यांनी मिळून घराण्याची जुनी रँच आणि गावचं चर्च पाहून यायचं. दोन गाड्या निघाल्या. पुढच्या गाडीत व्याही, विहीणबाई आणि व्याह्यांच्या एकोणनव्वद वर्षांच्या आत्या. मागच्या गाडीत मुलगा, सून, नऊ वर्षांचा नातू आणि मी. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला बरोबर घेतलं की प्रत्येक पाटीवर थांबावं लागतं, हे त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं.

पहिला थांबा शुलेनबर्ग गावाच्या अलीकडे एका बेकरीत. तिथे 'कोलाचे' मिळतात. मऊ पावाच्या मधोमध खळगा करून त्यात जर्दाळू, आलुबुखार नाहीतर खसखशीचं सारण भरतात. खसखशीचा मी दोनदा घेतला. आत्याबाईंनी दुकानातल्या पोरीला ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगितलं की एक असला तर 'कोलाच', अनेक असले तर 'कोलाचे'. ही पोरं 'कोलाचेस' म्हणतात म्हणजे अनेकवचनाचं अनेकवचन. आमची मैत्री तिथेच जमली.

रँच म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे सिनेमातलं माळरान होतं. प्रत्यक्षात उतरले आणि पहिलं काय केलं असेल तर खाली वाकून माती हातात घेतली. मी वऱ्हाडातली. ही आमचीच माती! काळीभोर, उन्हात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी, आणि आदल्या रात्री सर आल्याने चपलेला शेर-शेर चिकटलेली. मुलाने फोनवर शोधून सांगितलं की मृदाशास्त्रात आपली कापसाची काळी आणि टेक्सासची काळी एकाच वर्गात, 'व्हर्टिसॉल'मध्ये मोडते. त्या लोकांनीही इथे आधी कापूसच लावला होता, गुरं मागाहून वाढली. व्याही म्हणाले, त्यांच्या आजोबांना आयुष्यभर दोनच गोष्टींची भीती वाटली, बोंडअळीची आणि बँकेची. मी म्हटलं, आमच्याकडे यायला हवे होते, करमलं असतं त्यांना.

आता जमीन त्यांची नाही. भावाभावांत वाटण्या होत होत तुकडे झाले आणि शेवटचा तुकडा व्याही कॉलेजात असताना विकला गेला. तरी घरात सगळे त्या जागेला अजून 'ओल्ड होम प्लेस'च म्हणतात. आताचे मालक शहरात राहतात. त्यांनी फोनवर परवानगी दिली होती, पण फाटकाच्या कुलपाचा आकडा चुकीचा कळवला. तासभर उन्हात उभे राहिलो. फाटकाच्या पुढे रस्त्यात खड्डा खणून त्यावर लोखंडी नळ्या अंतरा-अंतराने टाकल्या होत्या. गाडी त्यावरून खडखडत जाते, पण गाय पाऊल टाकायला धजत नाही. नातवाने त्या नळ्यांवर तोल सांभाळत एवढ्या चकरा मारल्या की तासाचं कुणाला काही वाटलं नाही.

घर केव्हाच पडलंय. उरलंय ते पावसाचं पाणी साठवायचं विटांचं टाकं, दोन पिकॅनची झाडं आणि पलीकडे गुरांसाठी बांध घालून केलेलं तळं. त्या तळ्याला ते लोक 'टँक' म्हणतात. टेक्सासात कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, डबक्याएवढ्या तळ्यालाही टँकच. आता गंमत अशी की इंग्रजी कोशकार 'टँक' या शब्दाचं मूळ सांगताना गुजराती-मराठी 'टाकं'कडे बोट दाखवतात. पोर्तुगीज शब्दाचाही हात असावा असं म्हणतात, ते असो. शिवनेरीवरच्या कातळात खोदलेल्या टाक्याचा नातलग टेक्सासच्या गुरांना पाणी पाजतोय. मी हे व्याह्यांना सांगितलं तर ते बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, म्हणजे तुम्ही आमच्या आधी पोहोचला होता तर!

कुंपणाच्या आत, पिकॅनच्या पलीकडे, दोन छोटे दगड आहेत. खापरपणजीची दोन तान्ही बाळं. मालकाने नाही म्हटलं असतं तर काय, असं मी विचारलं. तेव्हा कळलं की टेक्सासच्या कायद्याप्रमाणे एखाद्या दफनभूमीला सार्वजनिक वाट नसेल तर तिथे भेट देऊ इच्छिणाऱ्याला खासगी जमिनीतून वाजवी वाट मिळण्याचा हक्क आहे. जमीन विकली जाते, कबरीपर्यंतची वाट विकली जात नाही. आपल्याकडे बांधावरच्या समाधीसाठी भाऊबंदांत किती मुडदे पडतात ते मी वेगळं सांगायला नको.

दुपारी ला ग्रेंज या काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, मुख्य गावी गेलो. काउंटीच्या कार्यालयात गुरांच्या डागांची नोंद राहते. गुरावर तापल्या लोखंडाने उठवायचा डाग कुणाचा, तो डाव्या फऱ्यावर की उजव्या, कानाला खाच कुठे, सगळं लिहिलेलं. दर दहा वर्षांनी ही नोंद नव्याने करावी लागते. या डागांची स्वतःची एक भाषा आहे. अक्षर आडवं पाडलं की ते 'लेझी', म्हणजे आळशी. खाली कमान काढली की 'रॉकिंग', पंख काढले की 'फ्लाइंग'. व्याह्यांच्या घराण्याचा डाग आडवा 'के', लेझी के. चौथीच्या वर्गात ज्यांची अक्षरं अशी आडवी पडायची त्यांना मी पट्टी दाखवत असे, त्याची आठवण होऊन जरा ओशाळले.

दुसरा दिवस चर्चचा. शुलेनबर्गच्या आसपास रंगवलेली चर्चेस आहेत. काही बाहेरून अगदी साधी, पांढरी, लाकडी. आपल्याकडच्या तालुक्याच्या शाळेएवढी. दार ढकललं की डोळे दिपतात. डुबिना गावच्या चर्चचं छत निळं, त्यावर सोनेरी तारे. चेकमध्ये 'दुब' म्हणजे ओक, डुबिना म्हणजे ओकची राई. १८५६ मध्ये आलेली काही मोरावियन कुटुंबं त्या झाडांखाली थांबली आणि गाव झालं. आधीचं चर्च १९०९ च्या वादळात जमीनदोस्त झालं, हे १९१२ चं. शिखरावरचा लोखंडी क्रूस मात्र जुनाच आहे. तो घडवला टॉम ली नावाच्या, एकेकाळी गुलाम असलेल्या लोहाराने. १९५२ मध्ये नूतनीकरणाच्या भरात आतली नक्षी पांढऱ्या रंगाखाली गेली होती. गावकऱ्यांनी १९८३ मध्ये ती पुन्हा रंगवून काढली. आपल्या देवळांतल्या कोरीव दगडांवर ऑइलपेंट फासणाऱ्या विश्वस्तांना मी त्या छताखाली मनातल्या मनात उभं केलं.

हाय हिलच्या चर्चमध्ये खांबांवर मी हात फिरवला. संगमरवर थंड लागायला हवा, हा कोमट लागला. लाकूडच ते, पिसाने शिरा काढून संगमरवर केलेलं. गावाला संगमरवर परवडत नव्हता, पण आपल्या देवाचं घर मायदेशातल्यासारखं दिसलं पाहिजे ही हौस परवडत होती.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो प्राहा इथे. प्राहा म्हणजेच प्राग. राजधानीचं नाव मिरवणारं गाव केवढं, तर १८९५ चं दगडी चर्च, दफनभूमी आणि हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी घरं. दर १५ ऑगस्टला तिथे 'पोउत्य' भरते. आत्याबाईंनी अर्थ सांगितला: त्या दिवशी लांबलांबची माणसं आपल्या मूळ चर्चला येतात, मिस्सा म्हणजे सामुदायिक प्रार्थना होते, मग जेवणं, बँडबाजा, नाच. मी म्हटलं, जत्रा! त्यांनी तो शब्द दोनदा घोळवून पाहिला. याच एवढ्याशा गावाने दुसऱ्या महायुद्धात नऊ मुलं गमावली, तीही वर्षभराच्या आत. त्यांच्या स्मरणार्थ दफनभूमीत तीन इवलीशी चॅपेलं आहेत. तिथे आत्याबाई कुणाशीच बोलल्या नाहीत.

पुढे मात्र त्या माझा हात धरून दगडामागून दगड दाखवत गेल्या, आणि संपादकसाहेब, खरं सांगायचं ते इथेच आहे. जुने दगड सगळे चेकमध्ये. 'ज्दे ओदपोचिवा', इथे विसावा घेत आहे. 'नारोझेन', जन्मला. 'झेमर्झेल', वारला. त्यातला र आणि झ एका श्वासात म्हणायचा असतो. मला जमला नाही, नातवाला चौथ्या खेपेला जमला. पण त्या शब्दातला 'मर' माझ्या कानाने पकडला. आपल्या मृत्यूतला, मरणातला धातू तोच. एका दगडावर 'मात्का', आई. एका दगडावर महिना 'लिस्तोपाद'. नोव्हेंबर म्हणजे त्यांच्या भाषेत पानगळ.

आणि बायकांची आडनावं! नवरा नोवाक तर बायको नोवाकोवा. आमच्या गल्लीत कुलकर्णीणबाई, पाटलीणबाई होत्या, तसं. मी दगडांवरचे सन बघत पुढे सरकले तशी ती 'ओवा' गळायला लागली. मग महिने इंग्रजीत आले. मग 'ज्दे ओदपोचिवा' जाऊन इंग्रजी वाक्य आलं. शेवटच्या ओळीत आत्याबाईंच्या भावाचा दगड पूर्ण इंग्रजी. कबरींच्या पाच-सहा ओळींत, चालत गेलं तर तीन मिनिटांत, एक भाषा संपलेली दिसते.

१९१८ मध्ये टेक्सासने सरकारी शाळांत इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेत शिकवणं हा गुन्हा ठरवला होता. आत्याबाईंच्या काळी शाळेच्या आवारात चेक बोललं की हातावर पट्टी बसे. त्यांनी स्वतःच्या मुलांना एक शब्द शिकवला नाही. का, असं मी विचारलं. म्हणाल्या, त्यांचे हात वाचावेत म्हणून. आज ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात याच टेक्सास-चेक बोलीच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून जपल्या आहेत. आत्याबाईंना ते ठाऊक आहे. 'मशीनशी बोलण्यापेक्षा तुमच्याशी बरं,' म्हणाल्या, तेही इंग्रजीत, कारण मला दुसरं काय कळणार होतं!

परतीच्या वाटेवर व्याह्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती खास तुमच्या कानावर घालते. ही माणसं टेक्सासला आलीच कशी? १८५० च्या सुमारास बर्गमन नावाचा एक पाद्री कॅट स्प्रिंग इथे येऊन राहिला. त्याने मायदेशी पत्रं लिहिली की इथे जमीन मिळते. ती तिकडच्या वर्तमानपत्रात छापून आली आणि लोकांनी गाठोडी बांधली. पहिल्या तांड्यातले कित्येक वाटेत आणि पोहोचल्यावर आजारपणात दगावले, तरी मागून येणारे थांबले नाहीत. वर्तमानपत्रात छापलेल्या पत्राची एवढी ताकद असते हे माहीत असतं तर मी जरा जपून लिहिलं असतं.

एक राहिलंच. प्राहाच्या चर्चमध्ये दाराशी पाहुण्यांची वही असते. सगळ्यांनी नावं लिहिली. नातू म्हणाला, मी आजीच्या अक्षरांत लिहितो. जीभ बाहेर काढून, रेघ शेवटी ओढून, त्याने देवनागरीत नाव लिहिलं आणि आडनावात दीर्घ वेलांटीच्या जागी ऱ्हस्व दिली. पेन माझ्या हातात होतं. मी ते टोपण लावून परत ठेवलं. आत्याबाईंनी वाकून ती ओळ पाहिली, त्याच्या खाली आपलं नाव घातलं, आणि शेवटी 'ओवा' लावला.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागेअभावी कापायचं झालं तर नासा कापा, टाकं राहू द्या.

आपली वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, अमरावती