पाडलेल्या तळघराची गोष्ट

महोदय,

‘बीटल्स’ या इंग्लिश रॉक बँडचा विषय निघाला की लिव्हरपूलच्या ‘कॅव्हर्न क्लब’चे नाव हमखास येते. पण माझ्या मते या पोरांना घडवले ते जर्मनीतल्या हॅम्बर्गने. ऑगस्ट १९६० मध्ये पाच जण तिथल्या ‘इंद्रा’ या लहानशा क्लबात दाखल झाले. रिंगो स्टार तेव्हा बँडमध्ये नव्हता. ड्रमवर पीट बेस्ट होता. मुक्काम एका सिनेमागृहाच्या पडद्यामागच्या कोंदट खोलीत. रोज रात्री चार-पाच तास वाजवायचे, शनिवारी त्याहून जास्त, तेही दारू प्यायला आलेल्या खलाशांपुढे! गाणी संपली की तीच लांबवायची. आवाजाच्या तक्रारी आल्यावर त्यांना ‘कायझरकेलर’ या दुसऱ्या क्लबात हलवले गेले. बँडमधला गिटारवादक जॉर्ज हॅरिसन तर अल्पवयीन ठरल्याने नोव्हेंबरात जर्मनीबाहेर काढला गेला. तिथून परतलेला बँड ओळखू येणार नाही इतका तयार झाला होता.

फेब्रुवारी १९६१ पासून ते ‘कॅव्हर्न’मध्ये वाजवू लागले. ते विटांचे तळघर १९७३ मध्ये भुयारी रेल्वेच्या कामासाठी बंद करून पाडण्यात आले. रेल्वेत हवा खेळती ठेवणाऱ्या ज्या उभ्या भुयारासाठी ते पाडले, ते भुयार कधी बांधलेच गेले नाही. १९८४ मध्ये जुन्याच काही विटा वापरून क्लब पुन्हा उभारला, याचा आनंद आहेच. तरीही मूळची ती जागा हकनाक गेली, याची हळहळ मला आजही वाटते.

– एक वाचक, पुणे